गोठलेले तळे की वितळणारे? हिवाळ्यात आणि वसंताच्या तोंडावर हिमालयातील तळ्यांकडे जाण्याविषयी

रानवाटा
नमस्कार मंडळी,

सह्याद्रीतल्या घाटवाटा आणि किल्ले आमचा गट बरीच वर्षे तुडवतो आहे, पण बर्फातून चालण्याचा अनुभव आमच्यापैकी एकालाही नाही. या वेळी हिमालयातील एखाद्या तळ्यापर्यंत चालत जाण्याचे मनात आहे. चर्चेत उत्तराखंडातील तीन नावे आहेत: उखीमठजवळच्या सारी गावातून वर गेल्यावर लागणारे देवरियाताल, लोहाजंगहून बेकलताल व ब्रह्मताल, आणि सांकरीहून केदारकंठाच्या वाटेवर येणारा जुडा का तालाब. गटात पाच जण आहेत. सर्वांत ज्येष्ठ सदस्य साठी ओलांडलेले असले तरी नियमित चालणारे आहेत.

प्रश्न असा, की जानेवारीच्या मध्यावर जावे की मार्चच्या अखेरीस? तळे पूर्ण गोठलेले पाहण्याची सर्वांनाच फार इच्छा आहे. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध उभे राहून काढलेली छायाचित्रे जागोजागी दिसतात. तसे उतरणे कितपत सुरक्षित असते, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

हिमरेषा
महिना ठरवण्याआधी उंची पाहावी. देवरियाताल सुमारे २,४०० मीटरवर आहे, जुडा का तालाब २,७०० ते २,८०० मीटरच्या दरम्यान, बेकलताल ३,००० मीटरच्या आसपास आणि ब्रह्मताल त्याहून वर. उंची १,००० मीटरने वाढली की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे मार्चच्या एकाच आठवड्यात देवरियातालच्या काठावर मोकळे गवत दिसू शकते आणि ब्रह्मतालच्या धारेवर गुडघाभर बर्फ असू शकतो. 'मार्चमध्ये बर्फ मिळेल का' या प्रश्नाला तळ्याचे नाव घेतल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

तळे गोठते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. हिवाळ्याच्या सुरुवातीला वरचे पाणी थंड होऊन खाली बसते आणि खालचे वर येते. सगळे पाणी ४ अंशांवर आले की ही उलथापालथ थांबते आणि त्यानंतर फक्त वरचा थर निवत जाऊन शून्याला गोठतो. म्हणून उथळ तळे लवकर धरते आणि खोल तळ्याला वेळ लागतो. आता खरी मेख पुढे आहे. पहिला पातळ थर धरल्यावर त्यावर भरपूर हिम पडले, तर ते गोधडीचे काम करते. वरची थंडी पाण्यापर्यंत पोचत नाही आणि खालचा बर्फ फारसा वाढत नाही. पांढरेशुभ्र आणि भक्कम दिसणारे तळे प्रत्यक्षात पातळ असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

देवदार
माझे मत निःसंशय मार्चच्या बाजूने आहे. त्या दिवसांत लोहाजंगच्या आणि सारीच्या वरच्या जंगलात बुरांश फुललेला असतो. बुरांश हा उत्तराखंडाचा राज्यवृक्ष आहे, आणि तो तसा का ठरला हे त्या वाटेवर कोणाला सांगावे लागत नाही. खाली लाल फुलांनी भरलेली झाडे, त्यांच्या मुळाशी सावलीत राहिलेले बर्फाचे तुकडे आणि वर त्रिशूळ व नंदाघुंटी ही शिखरे पूर्ण पांढरी, असे दृश्य जानेवारीत मिळत नाही. शिवाय दिवस मोठा असतो. जानेवारीत जेमतेम दहा तासांचा उजेड हाती लागतो, मार्च अखेरीस तो बारा तासांच्या वर गेलेला असतो. नवख्या गटाला हा फरक फार जाणवतो.

वितळू लागलेले तळे पूर्ण गोठलेल्या तळ्यापेक्षा मला जास्त पाहण्यासारखे वाटते. आधी काठालगत हातभर रुंदीची काळसर पाण्याची कड दिसू लागते. तिच्या आतल्या बाजूला बर्फाची जी धार असते, ती वाकून नीट पाहिली तर तिच्यात हवेचे बुडबुडे एकाखाली एक थरांनी अडकलेले दिसतात. ऊन चढले की त्या धारेचे तुकडे सुटतात आणि बारीक किणकिण करत काठावर येऊन टेकतात. हे सगळे काठावर बसूनच पाहायचे, हे वेगळे सांगायला नको.

उत्तरायण
देवदार यांनी केलेले वर्णन खरे आहे, तरी नवख्यांना सरसकट मार्चचा सल्ला देणे मला पटत नाही. जानेवारीचा बर्फ दिवसभर थंड असतो, त्यामुळे तो सकाळी जसा असतो जवळजवळ तसाच दुपारीही असतो. मार्चमध्ये तेच पाऊल सकाळी एक आणि दुपारी दुसरे होते. रात्री आकाश निरभ्र असेल तर पृष्ठभागाची उष्णता निघून जाते आणि वरचा थर दगडासारखा घट्ट होतो. पहाटे त्यावरून चालताना पाय रुतत नाही, मात्र घसरतो, म्हणून बुटांना मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटांवर चढवायचे बारीक लोखंडी दात, लागतात. सूर्य वर आला की हाच थर मऊ पडू लागतो आणि अकरानंतर पाय मांडीपर्यंत खाली जाऊ लागतो. सकाळी तासाभरात कापलेले अंतर परतताना तिप्पट वेळ घेते. बूट आणि मोजे भिजतात, गुडघे पिरगळतात. बर्फाखाली लपलेल्या झुडपांच्या आणि मोठ्या दगडांच्या कडेला पोकळी झालेली असते, तिथे पाय अडकला तर हाडही मोडू शकते.

आणखी एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रात्री ढग असले तर बर्फ नीट गोठतच नाही. तंबूबाहेर उबदार वाटणारी ढगाळ पहाट ही मार्चमध्ये वाईट बातमी असते. थंडी नाही म्हणून लोक खूश होतात आणि सूर्योदयापासूनच रुतत चालतात.

निळाई
जानेवारीत बर्फ असतोच, हे आता कोणी गृहीत धरू नये. हिमालयातला हिवाळी बर्फ मुख्यतः पश्चिमी विक्षोभांवर, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या पावसा-हिमाच्या प्रणालींवर, अवलंबून असतो. ते आलेच नाहीत तर जानेवारीही कोरडा जातो. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार उघडे पडल्याच्या बातम्या सर्वांनी पाहिल्या आहेत. काही वर्षी खरा बर्फ फेब्रुवारीत आणि मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच पडतो. तारीख पक्की करण्याआधी मागच्या वर्षीची छायाचित्रे पाहून उपयोग नाही. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात सारी किंवा लोहाजंगला राहणाऱ्या माणसाला दूरध्वनी करावा.

शिशिरा
रानवाटा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देते. मी राहते त्या देशात दर हिवाळ्यात लोक गोठलेल्या तळ्यांवर चालतात, त्यामुळे तिथे या गोष्टी लहानपणापासून शिकवल्या जातात.

एका माणसाला चालण्यासाठी किमान १० सेंटीमीटर जाडीचा, नवा, स्वच्छ आणि पारदर्शक बर्फ असावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. पारदर्शक या शब्दाला इथे महत्त्व आहे. असा बर्फ खालच्या पाण्यामुळे काळसर निळा दिसतो. हिम भिजून पुन्हा गोठल्याने जो दुधी पांढरा बर्फ तयार होतो, त्याची ताकद साधारण निम्मी धरतात, म्हणजे तिथे जाडी दुप्पट हवी. करड्या रंगाच्या बर्फात पाणी मुरलेले असते, त्यावर पायच ठेवायचा नाही. जिथे ओढा तळ्यात येतो, जिथून पाणी बाहेर पडते, जिथे तळाशी झरा आहे आणि जिथे खडक किंवा ओंडका बर्फातून वर आलेला आहे, त्या जागा बाकी तळे भक्कम असतानाही कच्च्या असतात.

वसंतात जाडीचा हिशेबच चालत नाही. उन्हाने बर्फ आतून सुटतो आणि त्याचे उभे, पेन्सिलीएवढे लांब स्फटिक एकमेकांपासून वेगळे होतात. असा बर्फ हातभर जाड असला तरी पाय पडताच स्फटिक बाजूला सरकतात आणि माणूस थेट पाण्यात जातो, आधी तडा जात नाही की आवाज होत नाही. उलट कडक थंडीत तळ्यातून येणारे मोठे गडगडाटी आवाज बहुधा बर्फ तापमानानुसार प्रसरण वा आकुंचन पावल्याचे असतात. त्यामुळे आवाज आला म्हणजे धोका आणि आला नाही म्हणजे खात्री, हे दोन्ही समज चुकीचे आहेत.

पाण्यात पडल्यावर काय होते, हेही लिहिते. पहिल्या मिनिटाभरात श्वास अनावर होतो. त्या वेळी हातपाय मारण्याऐवजी तोंड पाण्याबाहेर ठेवून श्वास ताब्यात आणायचा. त्यानंतर सुमारे दहा मिनिटे हातापायांत काम करण्याइतकी ताकद राहते. शरीराचे तापमान उतरून शुद्ध जाण्यास साधारण तास लागू शकतो, पण तोवर तरंगत राहायला हात चालत नाहीत, आणि माणसे बुडतात ती त्यामुळे. आलेल्या दिशेला तोंड करावे, कारण तिकडचा बर्फ एकदा वजन पेललेला असतो. पाय मागे आडवे करून जोरात झाडत छाती बर्फावर सरकवावी आणि बाहेर आल्यावर उभे न राहता लोळत काठाकडे जावे. काठावरच्या सोबत्यांनी धावत जवळ जाऊ नये. आडवे होऊन काठी किंवा दोर पुढे करावा.

आता मुख्य मुद्दा. तिकडे हे सगळे चालते, कारण लोक बर्फाला भोक पाडून जाडी मोजतात, सोबत दोर असतो आणि मदत लवकर पोचते. ज्या तळ्यांची नावे तुम्ही घेतली आहेत तिथे बर्फाची जाडी नियमाने कोणी मोजत नाही आणि जवळचे रुग्णालय कित्येक तासांवर आहे. त्यामुळे माझे उत्तर सरळ आहे: तळे काठावरून पाहावे, त्यावर उतरू नये, महिना कोणताही असो.

पायवाट
शिशिरा यांची माहिती मोलाची आहे, पण ती थोडी अतिसावध वाटते. जुडा का तालाबवर डिसेंबर-जानेवारीत शेकडो लोक उतरतात, गाइडही अडवत नाहीत, आणि तळे फार खोलही नाही.

शिशिरा
पायवाट, शेकडो लोक उतरतात ही तर अधिक काळजीची गोष्ट आहे, कारण एका माणसाला पेलणारा बर्फ वीस जण छायाचित्रासाठी एकत्र उभे राहिले तर पेलेलच असे नाही. काल कोणी उतरले होते यावरून आजचा बर्फ कळत नाही. मधल्या एका उबदार दिवसाने तो बदलतो. उथळ असल्याने बुडण्याचा धोका कमी होतो हे मान्य. तरीही उणे तापमानात, वस्तीपासून तासन्‌तास दूर, कमरेपर्यंत भिजलेल्या माणसाला हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचे तापमान धोकादायक उतरणे, गाठू शकतो, मग त्याचे पाय तळाला टेकलेले का असेनात.

पायवाट
गर्दीच्या वजनाचा मुद्दा मान्य आहे. या वेळी सोबतच्या मंडळींना काठावरच थांबवीन.

कडेकपारी
तळ्याच्या बर्फावर इतकी चर्चा झाली, पण तळ्याभोवतीच्या उतारांचा विषय अजून निघाला नाही. डोंगरातील बरीच तळी वाटीसारख्या खोलगट भागात असतात, म्हणजे तीन बाजूंनी उतार आणि मध्ये आपण. हिमस्खलन बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होते. आपण स्वतः सपाटीवर असलो तरी वरच्या उताराचा बर्फ सुटला तर तो तळ्याच्या काठापर्यंत येतो. पूर्ण गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर वाचण्याची शक्यता खूप असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. बाहेरून मदत येण्याची वाट पाहण्याइतका वेळ नसतो.

हे फक्त गिर्यारोहकांचे संकट आहे, असे कोणी समजू नये. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये गंगटोक-नथुला रस्त्यावर, त्सोमगो तळ्याच्या परिसरात, हिमस्खलनात ७ पर्यटकांचा मृत्यू झाला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळच्या माणा येथे रस्त्याच्या कामावरील ५४ कामगार बर्फाखाली सापडले आणि त्यांतील ८ जण दगावले. दोन्ही तारखा आपण ज्याला हिवाळ्याचा शेवट किंवा वसंताची सुरुवात म्हणतो त्या काळातल्या आहेत. या दिवसांत एकाच विक्षोभात भरपूर ओले हिम पडते आणि लगेच ऊन येते. म्हणून मोठ्या हिमवर्षावानंतर किमान एक-दोन दिवस उताराखाली जाऊ नये आणि मार्चमध्ये ऊन लागलेल्या उताराखालून दुपारी चालू नये. डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. ते आणि हवामान खात्याचा अंदाज, दोन्ही पाहूनच निघावे.

देवरियातालची वाट या दृष्टीने बरीच सौम्य आहे, कारण ती जंगलातून जाते आणि तळे डोंगराच्या एका मोकळ्या खांद्यावर आहे. ब्रह्मतालच्या वरची धार मात्र वाऱ्याला उघडी आहे. तिथे वाऱ्याने धारेच्या कडेला बर्फाचा सज्जा तयार होतो आणि वरून तो जमिनीसारखाच दिसतो. कडेला जाऊन खाली डोकावू नये.

सावली
थोडे विषयांतर. रूपकुंडला आता जाता येते का? तेही लोहाजंगहूनच ना?

हिमरेषा
हो, लोहाजंगहूनच. ते सुमारे ५,००० मीटरवर असल्याने या धाग्यातल्या ऋतूंत त्याचा विचारच नको. शिवाय २०१८ च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली, आणि रूपकुंडची वाट बेदनी व आली या बुग्यालांवरून जात असल्याने त्या मुक्कामांच्या भरवशावर असलेला जुना कार्यक्रम बंद पडला. मला तो निर्णय योग्य वाटतो. त्या गवताची वाढ फार हळू असते आणि तंबूंखाली दबलेले पट्टे वर्षानुवर्षे भरून येत नाहीत. रानवाटा, तुम्ही कुठेही गेलात तरी वनविभागाची परवानगी आणि मुक्कामाची नेमून दिलेली जागा यांची आधी चौकशी करा.

वैद्यबुवा
साठी ओलांडलेल्या सदस्यांचा उल्लेख आहे म्हणून लिहितो. देवरियातालच्या उंचीवर विरळ हवेचा त्रास सहसा कमी होतो, ब्रह्मतालला तो होऊ शकतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चक्कर सुरू झाली तर वर जाणे थांबवावे, आणि विश्रांती घेऊनही बरे वाटत नसेल तर खाली उतरावे; तोल जाऊ लागला तर मात्र वाट न पाहता लगेच खाली उतरावे. गोळी घेऊन पुढे ढकलू नये. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो, म्हणून हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना भेटून औषधांची फेरतपासणी करावी.

डोळ्यांकडे लोकांचे हमखास दुर्लक्ष होते. ताजे हिम अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकते, त्यामुळे ऊन खालूनही लागते. मार्चमध्ये सूर्य वर असतो, तेव्हा हा त्रास जानेवारीपेक्षा जास्त. गडद आणि बाजूंनी बंद असलेला चष्मा हवाच. हिमांधत्व त्या क्षणी जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा संध्याकाळी तंबूत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होऊन पाणी वाहू लागते.

देवदार
उत्तरायण यांचा दुपारच्या बर्फाचा मुद्दा पुन्हा वाचला आणि तो योग्यच आहे. मी मार्चचा आग्रह सोडत नाही, मात्र त्याला अट जोडतो: पहाटे साडेचार-पाचला निघावे आणि दहा-साडेदहापर्यंत बर्फाळ भाग ओलांडून परत यावे. हा दिनक्रम ज्यांना जमणार असेल त्यांनीच मार्चमध्ये ब्रह्मतालला जावे. नऊला न्याहारी करून निघणाऱ्या गटाला जानेवारी बरा.

उत्तरायण
आता आपल्यात मतभेद उरला नाही. महिन्याची चर्चा आपण नेहमी करतो, पण चालायला कधी निघायचे हे कोणी विचारत नाही.

साहित्याविषयी दोन-चार गोष्टी. मायक्रोस्पाइक आणि गेटर (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पायावर चढवायचे आवरण) भाड्याने मिळतात, पण आपल्या बुटांवर ते घट्ट बसतात का हे पायथ्याशीच तपासावे. बर्फात, गार पडलेल्या बोटांनी ते नीट करता येत नाहीत. पाणी वरून गोठते, म्हणून बाटली पिशवीत उलटी ठेवावी, म्हणजे झाकणाचे तोंड मोकळे राहते. झोपायला वेगळे, पूर्ण कोरडे मोजे असावेत आणि ते दिवसा कितीही मोह झाला तरी घालू नयेत. सुती कपडे अंगालगत अजिबात नकोत, कारण ते घाम धरून ठेवतात आणि थांबल्यावर अंग गार पडते.

रानवाटा
सर्वांचे मनापासून आभार. गटात धागा वाचून दाखवला आणि बराच वेळ चर्चा झाली. तळ्यावर उतरायचे नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत ठरले. आमच्या ज्येष्ठ सदस्यांनी सुचवल्याप्रमाणे फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात देवरियातालला जाऊ, तळ्याच्या जवळपास नेमलेल्या जागी एक रात्र राहू, आणि बर्फात चालणे जमते आहे असे दिसले तर पुढच्या वर्षी मार्चमध्ये ब्रह्मतालचा विचार करू. तळे त्या वेळी पूर्ण गोठलेले असेल की अर्धे, ते तिथे जाऊनच कळेल आणि त्याची आता हरकत नाही.

एक शेवटची शंका: फेब्रुवारीत बर्फामुळे सारीपर्यंतचा रस्ता बंद असतो का? आणि चौखंबा शिखराचे प्रतिबिंब गोठलेल्या तळ्यात दिसणार नाही, हे बरोबर ना?

देवदार
सारी सुमारे २,००० मीटरवर आहे, त्यामुळे उखीमठहून तिथवरचा रस्ता सहसा सुरू असतो. बर्फाने अडतो तो पुढचा, चोपत्याकडे जाणारा. मोठा हिमवर्षाव झाला तर सारीलाही एखादा दिवस थांबावे लागते, म्हणून परतीच्या गाडीआधी एक दिवस राखीव ठेवा. सारीहून तळे साधारण ३ किलोमीटर आहे, पण चढ सलग आहे आणि सावलीतल्या वळणांवर वाट निसरडी असते, तिथे मायक्रोस्पाइक चढवा.

प्रतिबिंबासाठी मोकळे आणि स्थिर पाणी लागते. तळे अर्धे सुटलेले असेल तर वारा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे उजाडल्यावर पहिल्या तासाभरात, ज्या काठावरून चौखंबा समोर येतो तिथे जाऊन थांबा.